विम्याचा हप्ता : मासिक की वार्षिक?

घाऊक धान्याच्या व्यापारात रोखीचा भाव आणि उधारीचा भाव हे दोन निरनिराळे भाव असतात, हे आपल्या सभासदांस सांगावयास नको. आठ दिवसांत पैसे चुकते केल्यास शेकडा एक रुपया वटाव, अन्यथा तीस दिवसांची मुदत, असा सौदा ठरला म्हणजे पेढीवरील नवशिका दिवाणजीदेखील मनातल्या मनात हिशेब करतो की, बावीस दिवसांच्या सवलतीसाठी शेकडा एक रुपया, म्हणजे दरसाल दरशेकडा साडेसोळा रुपयांच्या वर व्याज झाले. सबब गाठीशी पैसा असल्यास वटाव सोडणे शहाणपणाचे नाही. हा हिशेब आपल्या पिढ्यान्पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु तोच व्यापारी आपल्या मोटारीचा किंवा टेंपोचा विमा उतरवावयास बसला, आणि समोरच्याने 'एकदम चोवीस हजार भरण्याऐवजी दरमहा बावीसशे भरा' असे सुचविले, म्हणजे तो दिवाणजीचा हिशेब कोठे तरी नाहीसा होतो. दरमहा बावीसशे ही रक्कम हलकी वाटते, मान डोलावली जाते आणि सही होते. या रकमेच्या पोटात व्याज किती, आणि त्या व्याजाशिवाय आणखी काय काय दडलेले असते, हे उलगडून दाखविण्याचा आमचा या लेखात प्रयत्न आहे. विमा हा आमचा धंदा नव्हे. तथापि गेली कित्येक वर्षे दुकानाची वाहने व घरातील गाड्या यांचे कागद आमच्याच हातून जात असल्यामुळे या विषयाचा थोडाफार परिचय झाला आहे, व पुष्कळ सभासद याविषयी विचारीतही असतात.

प्रथम एका शब्दाचा घोटाळा दूर करणे अवश्य आहे. मराठीत 'हप्ता' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. विमा कंपनीस संरक्षणाबद्दल द्यावयाची जी किंमत, तिलाही आपण विम्याचा हप्ता म्हणतो. आणि कर्जाची किंवा किमतीची जी तुकड्यातुकड्याने फेड, तिलाही हप्ताच म्हणतो. मूळ फारसी शब्दाचा अर्थ आठवडा. सात दिवसांनी द्यावयाचे ते हप्त्याचे देणे. पुढे आठवडा गेला आणि देणे राहिले! एकच शब्द दोन्हीकडे चालत असल्यामुळे 'विम्याचा मासिक हप्ता' असे म्हटले की, जणू विमाच महिन्यामहिन्याने विकत मिळतो, अशी समजूत होते. ती खरी नाही. यास्तव या लेखात विम्याच्या किमतीस आम्ही प्रीमियम म्हणू, आणि तुकड्याने केलेल्या फेडीस हप्ता म्हणू.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडील विमा अधिनियम १९३८ सालचा आहे. त्यात १९६८ च्या दुरुस्तीने चौसष्ट व्ही-बी हे कलम घालण्यात आले. त्याचा आशय थोडक्यात असा की, प्रीमियम आगाऊ हाती आल्याशिवाय, अथवा विहित रीतीने त्याची हमी मिळाल्याशिवाय, विमा कंपनीने कोणतीही जोखीम पत्करू नये. आपल्या धंद्याच्या भाषेत बोलावयाचे तर विम्याचे दुकान कायद्यानेच रोखीचे आहे. तेथे उधारीची पाटी लावण्याची दुकानदारास मुभा नाही. आरोग्यविम्याच्या बाबतीत २०१९ पासून मासिक, तिमाही वा सहामाही हप्त्यांची सोय देण्यास नियामक प्राधिकरणाने परवानगी दिलेली आहे, व आयुर्विम्यात तर ती पूर्वापार आहे. परंतु मोटारीच्या विम्याचा सर्वसाधारण प्रघात वर्षाचा प्रीमियम एकदम घेण्याचा आहे. मग 'दरमहा अमुक रुपये' असे जे दाखविले जाते ते काय? ते बहुधा क्रेडिट कार्डाच्या बँकेचे अथवा एखाद्या वित्तपुरवठा कंपनीचे कर्ज असते. विमा कंपनीला तिचा पूर्ण प्रीमियम पहिल्याच दिवशी मिळतो. तो बँक देते. आणि आपण बँकेचे ऋणको होतो. म्हणजे सही करतेवेळी आपण दोन करार करीत असतो, एक विम्याचा व दुसरा कर्जाचा, आणि आपले लक्ष मात्र पहिल्याच करारावर असते.

ज्या देशात मासिक हप्त्यांची ही चाल फार रुळली आहे तो देश म्हणजे ब्रिटन. आपल्या समाजातील पुष्कळ मुले तिकडे नोकरी-व्यवसायानिमित्त राहतात, त्यांना याचा अनुभव पहिल्याच वर्षी येतो. नवख्या चालकाचा मोटारविमा तेथे अतिशय महाग. एवढी रक्कम एकदम काढणे कठीण. म्हणून मासिक हप्ता पत्करला जातो. तेथेही करार वर्षाचाच असतो आणि हप्ता हा कर्जाचाच असतो. वर्षाच्या तिसऱ्या महिन्यात गाडी पूर्णपणे निकामी होऊन विमा कंपनीने तिची किंमत चुकती केली, तरी उरलेल्या नऊ महिन्यांचे देणे सामान्यतः द्यावेच लागते. किंबहुना ते भरपाईतूनच कापून घेतले जाते. या कर्जावर दरसाल वीस ते तीस टक्के व्याज तेथे अपवादात्मक समजले जात नाही, मात्र काही कंपन्या बिनव्याजी हप्तेही देतात. ज्यांच्याजवळ पैसा कमी त्यांनाच विमा अधिक महाग पडतो, ही तक्रार इतकी वाढली की, ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील वित्तीय नियामक मंडळाने या हप्तेबंदीच्या व्यवसायाची रीतसर पाहणी सुरू केली. त्या देशाचे एक मात्र चांगले आहे. कर्जाचा खरा वार्षिक दर ग्राहकास कागदावर दाखविण्याचे बंधन तेथे आहे. वाचावयाचे की नाही हे अर्थात ग्राहकाच्या हाती.

आता मुख्य हिशेबाकडे वळू. हा भाग सभासदांनी कागद-पेन्सिल घेऊन वाचावा अशी विनंती आहे.

समजा, गाडीचा वर्षाचा प्रीमियम करासह २४,००० रुपये आहे. हप्त्याने दिल्यास बारा हप्ते, प्रत्येकी २,२०० रुपयांचे. पहिला हप्ता त्याच दिवशी. एकूण २६,४०० रुपये झाले. जादा २,४०० रुपये. विक्रेता सांगतो, 'शेठ, वर्षाला फक्त दहा टक्के जास्त.' चोवीस हजारांवर चोवीसशे म्हणजे दहा टक्के, हे अंकगणित वरवर बरोबर दिसते, आणि येथेच फसगत होते. दहा टक्के केव्हा म्हणता येतील? चोवीस हजार रुपये पूर्ण वर्षभर आपल्या वापरात राहिले असते आणि वर्षअखेर एकरकमी परत करावयाचे असते तर. वस्तुस्थिती तशी नाही. पहिल्याच दिवशी आपण २,२०० रुपये दिले, म्हणजे कर्ज झाले केवळ २१,८०० रुपयांचे. पुढे दरमहा ते कमी होत जाते आणि अकराव्या महिन्याच्या शेवटी शून्य होते.

आपल्या जुन्या वहीत कटमितीने व्याज काढण्याची जी रीत आहे, जेवढी रक्कम जेवढे दिवस वापरात तेवढ्याचेच व्याज, तीच येथे लावावी. सोयीसाठी मुद्दल अकरा सारख्या भागांत फिटते असे धरू. पहिला महिना २१,८०० रुपये वापरात. दुसऱ्या महिन्यात त्याचा अकरावा भाग कमी. असे करीत शेवटच्या महिन्यात केवळ अकरावा भाग उरतो. या सर्व महिन्यांच्या शिलकांची बेरीज केली तर ती १,३०,८०० येते. म्हणजे २१,८०० रुपये सरासरीने सहाच महिने आपल्याजवळ राहिले. एक लाख तीस हजार आठशे रुपये एक महिना वापरल्याबद्दल २,४०० रुपये व्याज, म्हणजे दरमहा दरशेकडा १ रुपया ८३ पैसे, अर्थात दरसाल दरशेकडा बावीस रुपये! हप्त्यातील मुद्दल व व्याज यांची वाटणी बँकेच्या कोष्टकाप्रमाणे अगदी काटेकोर केली तर दर महिन्याला पावणेदोन टक्क्यांहून किंचित अधिक येतो. तोच वर्षाच्या चक्रवाढीने मोजला तर साडेतेवीस टक्क्यांच्या पुढे जातो. कोणत्याही मार्गाने जा, दहा टक्के म्हणून सांगितलेले व्याज वीस टक्क्यांच्या खाली येत नाही.

ज्यांना एवढे गणित करण्यास सवड नाही त्यांच्यासाठी एक ढोबळ खूण सांगून ठेवतो. हप्त्यांच्या योजनेत मूळ रकमेवर सांगितलेला वर्षाचा सरळ टक्का दुपटीला थोडा कमी धरावा. पहिला हप्ता आगाऊ घेत असतील तर दुपटीहून थोडा अधिकच धरावा. ही खूण मोटारविम्यालाच नव्हे, तर हप्त्याने घेतलेल्या वजनकाट्यापासून शीतकपाटापर्यंत सर्वत्र लागू पडते.

क्रेडिट कार्डावरील ई.एम.आय.चा प्रकार किंचित निराळा आहे. तेथे व्याजाचा दर घटत्या शिलकेवरच सांगितलेला असतो, त्यामुळे वरील दुपटीची खूण तेथे लागू नाही. परंतु तेथे दुसऱ्या वाटा आहेत. समजा, चोवीस हजारांचे बारा मासिक हप्ते पंधरा टक्के दराने पडले. हप्ता सुमारे २,१६६ रुपये, व वर्षाचे व्याज सुमारे १,९९५ रुपये. कार्डावरील व्याजावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, तो सुमारे ३५९ रुपये. त्यावर प्रक्रियाशुल्क समजा १९९ रुपये, व त्यावरही कर. सर्व मिळून जादा रक्कम २,५८८ रुपयांच्या घरात जाते, आणि पंधरा टक्क्यांचा दर वीस टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपतो. 'विनाव्याज ई.एम.आय.' या शब्दांबद्दल तर लिहावयासच नको. शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट कळविले होते. व्याज कोणी तरी भरतोच. ते किमतीत लपते किंवा रोख घेणाऱ्यास मिळणारी सूट बंद करून वसूल होते.

यावर व्यापारी माणूस एक आक्षेप घेईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. तो म्हणेल, 'चोवीस हजार रुपये एकदम गुंतवून ठेवण्यापेक्षा ते मी मालात फिरवीन. हंगामात हरभरा घेतला आणि महिन्यात काढला, तर बावीस टक्क्यांहून अधिक पदरात पडेल.' या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. भांडवल फिरते ठेवणे हाच आपला धर्म. परंतु येथे तुलना चुकीच्या दोन गोष्टींची होते. धंद्याला पैसा कमी पडतो तेव्हा तो कोठून आणावयाचा, हा खरा प्रश्न आहे. ज्या पेढीची बँकेत कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर आहे, तिला तो पैसा दहा-बारा टक्क्यांनी मिळतो, आणि त्यावर व्याजही रोजच्या शिलकेवर. असा मार्ग हाताशी असताना वीस-बावीस टक्क्यांनी विमा-हप्त्याचे कर्ज घेणे म्हणजे गोदामात गहू पडून असता किरकोळ दुकानातून गहू आणण्यासारखे आहे. मालात नफा कितीही असो, तो स्वस्त कर्जानेही तितकाच मिळतो. हा आक्षेप ज्यांना बँकेची मर्यादा नाही अशा छोट्या दुकानदारांच्या तोंडी शोभतो; त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू दाखविणे न्यायाचे होईल. हप्ता वाईट आणि एकरकमी चांगले, असे सरसकट सूत्र कोणी करू नये. आयुर्विमा महामंडळाच्या अनेक प्रचलित योजनांत वार्षिक प्रीमियम भरणाऱ्यास कोष्टकातील दरावर दोन टक्के, व सहामाही भरणाऱ्यास एक टक्का सूट असते. तिमाही व मासिक भरणाऱ्यास सूट नाही. पाहताक्षणी वाटते की, वार्षिकच भरावे, दोन टक्के वाचतील. पण कटमिती लावून पाहा. कोष्टकाचा दर शंभर रुपये धरला तर वार्षिक भरणारा ९८ देतो, व सहामाहीवाला साडेएकोणपन्नास रुपये दोन वेळा देतो, म्हणजे ९९. पहिल्या दिवशी त्याने साडेएकोणपन्नास दिले. साडेअठ्ठेचाळीस रुपये सहा महिने आपल्याजवळ ठेवले, व त्याबद्दल एक रुपया जादा दिला. हे व्याज दरसाल दरशेकडा चार रुपयांच्या किंचित वर पडते. मासिक भरणाऱ्याचा हिशेब केला तर तोही साडेचार टक्क्यांच्या आसपासच येतो, व तिमाहीचा साडेपाचच्या आसपास. या दराने आज कोणती बँक व्यापाऱ्याला पैसा देते? तेव्हा आयुर्विम्याच्या बाबतीत मासिक हप्ता पत्करणारा व्यापारी हिशेबात मुळीच चुकत नाही, बशर्ते तो हप्ता चुकवीत नाही. मासिक हप्त्यास सवलतीची मुदत केवळ पंधरा दिवसांची असते, इतरांस तीस दिवसांची. म्हणजे वर्षातून एकदा लक्षात ठेवावयाची तारीख बारा वेळा लक्षात ठेवावी लागते. बँकेला परस्पर वळते करण्याची सूचना दिली तरी खात्यात त्या दिवशी शिल्लक हवीच.

आरोग्यविम्याच्या हप्त्यांत एक अट असते तीही येथे नमूद करतो. वर्षाच्या मध्ये दावा उपस्थित झाला की, उरलेले सर्व हप्ते तत्क्षणी देय होतात. रुग्णालयाचे बिल समोर असताना हे देणे उपस्थित होते, याची कल्पना आधी असलेली बरी.

खरोखरीचा महिन्यामहिन्याचा मोटारविमा काय भावाने पडला असता, याचाही अंदाज जुन्या दरपत्रकावरून करता येतो. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये अल्पमुदतीच्या विम्याची एक श्रेणी दिलेली होती. एका महिन्यापर्यंतच्या विम्यास वर्षाच्या प्रीमियमचे वीस टक्के, दोन महिन्यांस तीस, तीन महिन्यांस चाळीस, असे चढत जाऊन सहा महिन्यांस सत्तर, आणि आठ महिन्यांपुढे पूर्ण वर्षाचा आकार. एकेक महिन्याचे बारा विमे घेतले असते तर चोवीस हजारांच्या जागी सत्तावन्न हजार सहाशे मोजावे लागले असते! विमा कंपनी लोभी म्हणून असे नव्हे. कागद करण्याचा खर्च एका महिन्यासही तोच व बारा महिन्यांसही तोच. आणि महिन्यापुरता विमा घेणारा मनुष्य गाडी सर्वांत अधिक धावणार असेल तोच महिना निवडणार, हेही उघड आहे. वर्षाच्या मध्यात पॉलिसी रद्द केल्यास परताव्याचे गणितही पूर्वी याच श्रेणीने होत असे. जून २०२४ च्या परिपत्रकाने नियामक प्राधिकरणाने त्यात ग्राहकाच्या हिताची सुधारणा केली असून, दावा झालेला नसल्यास उरलेल्या काळाचा प्रीमियम त्या प्रमाणात परत द्यावयाचा आहे. मात्र त्रयस्थ पक्षाच्या जबाबदारीचा विमा कायद्याने सक्तीचा असल्याने, वाहन रस्त्यावर असेतोवर तो भाग असा सहजासहजी रद्द करता येत नाही.

व्याजाची बाब येथवर झाली. पण आमच्या मते व्याज हा या प्रकरणातील लहान भाग आहे. मोठा भाग आहे तो खंड पडण्याचा.

आमच्या माहितीतील एका दुकानदाराची हकीकत सांगतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही. त्याचा मालवाहू टेंपो गोव्याकडे तांदूळ व डाळी घेऊन जात असे. दिवाळीच्या सुमारास विम्याचे नूतनीकरण आले. त्याने धनादेश दिला, पॉलिसी हाती आली, आणि तो निश्चिंत झाला. दिवाळीची देणी भागविताना खात्यातील शिल्लक संपली होती. धनादेश परत गेला. विमा कंपनीने पॉलिसी रद्द केल्याचे पत्र नोंदणी टपालाने पाठविले. ते दुकानातील कोणी तरी सही करून घेतले व बिलांच्या गठ्ठ्यात ठेवून दिले. तीन आठवड्यांनी टेंपोने एका दुचाकीस्वाराला धडक दिली व तो मनुष्य दगावला. दावा प्राधिकरणापुढे विमा कंपनीने रद्द केल्याचे पत्र व त्याची पोच दाखविली. भरपाईचा सारा बोजा मालकावर आला. तो फेडण्यासाठी त्याला गोदामाची जागा विकावी लागली, आणि आज तो स्वतःच्याच जुन्या जागेत भाड्याने बसतो.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये जो निर्णय दिला तो व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. धनादेश न वटल्यामुळे पॉलिसी रद्द केली गेली, आणि रद्द झाल्याची सूचना अपघातापूर्वी मालकास पोहोचली असेल, तर विमा कंपनीची जबाबदारी राहत नाही. सूचना अपघातानंतर पोहोचली तर त्रयस्थ पक्षास भरपाई देण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. म्हणजे सर्व भिस्त त्या एका पत्राच्या तारखेवर. मृत्यू किंवा शारीरिक इजा यांच्या भरपाईला अशा विम्यात रकमेची मर्यादा नसते; म्हणून विमा नसेल तर मालकाच्या डोक्यावर येणाऱ्या बोजालाही मर्यादा नसते. त्यापुढे विमा नसल्याबद्दलचा दंड, पहिल्या वेळी दोन हजार व पुन्हा आढळल्यास चार हजार रुपये, अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद, ही बाब किरकोळच म्हणावयाची. शिवाय पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले की, दावा न केल्याबद्दल साठलेली सूटही बुडते. ही सूट पहिल्या वर्षानंतर वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस व पाच वर्षांनंतर पन्नास टक्क्यांपर्यंत चढते. ती केवळ स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या भागावर मिळते, परंतु तो भागच बहुधा मोठा असतो. पाच वर्षे सांभाळून गाडी चालविल्याचे फळ एका विसरलेल्या तारखेने जाते.

कार्डाच्या हप्त्याने विमा घेतलेल्याची स्थिती या दृष्टीने अधिक सुरक्षित असते, हे मान्य केले पाहिजे. तेथे प्रीमियम पूर्ण पोहोचलेला असल्यामुळे एखादा हप्ता चुकला तरी विमा चालू राहतो. दंड व व्याज बँकेकडून लागते एवढेच. म्हणून जो म्हणतो की, माझ्याजवळ आज एकरकमी पैसे नाहीतच, त्याला आमचे सांगणे असे की, वीस टक्के देऊन का होईना, विमा आजच घ्या. टेंपो विम्याशिवाय रस्त्यावर काढू नका. बावीसशे-चोवीसशेचे व्याज आणि गोदामाची जागा यांची तुलना होऊ शकत नाही.

परंतु ही स्थिती दरवर्षी का यावी? वर्षाची तारीख तर वर्षभर आधी ठाऊक असते. आपल्या सीमाभागात दुकानोदुकानी फिरून रोजची ठेव गोळा करण्याची पिग्मीची पद्धत घरोघरी परिचित आहे. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये ती सुरू केली. ती बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली, परंतु पद्धत आमच्याकडच्या पतसंस्थांत जिवंत आहे. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर चोवीस हजारांसाठी रोज ऐंशी रुपये पुरतात. मोठ्या ट्रकच्या साठ हजारांसाठी दोनशे. पिग्मीचे व्याज अल्प असते व मध्येच मोडल्यास काहीच मिळत नाही, म्हणून ज्यांना दरमहा रक्कम बाजूला काढण्याची शिस्त आहे त्यांनी आवर्ती ठेव काढावी. दरमहा २,००० रुपये सहा टक्क्यांनी बारा महिने ठेवल्यास सुमारे ७८० रुपये व्याज सुटते. हप्त्याने भरणारा २,४०० रुपये देतो, ठेव ठेवणारा ७८० रुपये घेतो. दोघेही महिन्याला जवळपास तेवढीच रक्कम काढतात, आणि फरक पडतो तीन हजार एकशे ऐंशी रुपयांचा, तोही दरवर्षी. ओढाताण होते ती पहिल्या एकाच वर्षी, कारण त्या वर्षी या वर्षाचा प्रीमियम व पुढील वर्षाची ठेव असे दोन्ही एकदम चालते. ते एक वर्ष जमणे कठीण वाटल्यास दोन वर्षांत विभागावे. पहिल्या वर्षी निम्मीच ठेव काढावी, म्हणजे दुसऱ्या वर्षी निम्म्याच रकमेचे कर्ज घ्यावे लागेल.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा व नव्या दुचाकीस पाच वर्षांचा त्रयस्थ पक्षाचा विमा एकदमच घ्यावा लागतो. एवढा पैसा आगाऊ दिला म्हणजे सूट मिळत असेल असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात हजार ते पंधराशे सी.सी.च्या मोटारीचा वर्षाचा दर ३,४१६ रुपये, म्हणजे तीन वर्षांचे १०,२४८ होतात. आणि नव्या गाडीचा तीन वर्षांचा एकत्र दर मात्र १०,६४० रुपये ठेवलेला आहे. मधल्या काळात दर वाढला तरी आपणांस झळ लागत नाही, त्या अभयाची ती किंमत समजावयाची. रोखीच्या मालाला वटाव नसून उलट चढा भाव, असा सौदा आमच्या पाहण्यात दुसरा नाही. पण तो सक्तीचा असल्याने त्यात निवड नाही. निवड आहे ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. तो एकाच वर्षाचा घेता येतो, व दुसऱ्या वर्षी निराळ्या कंपनीकडूनही घेता येतो. शोरूममध्ये सारे एकत्र करून, गाडीच्या कर्जातच घालून दिले जाते. म्हणजे एका वर्षाच्या विम्याचे व्याज आपण पाच-सात वर्षे भरीत राहतो. गाडीसाठी कर्ज घ्यावे लागले तरी विम्याचा आकडा निराळा मागून घ्यावा व तेवढा रोख भरावा.

कराच्या बाबतीत पेढीच्या हिशेबनिसास एक सूचना द्यावी. मालवाहू वाहनाच्या विम्यावर भरलेल्या कराची वजावट नोंदणीकृत व्यापाऱ्यास सामान्यतः मिळू शकते. घरच्या मोटारीच्या विम्यावरील कराची मिळत नाही. यासाठी टेंपोची पॉलिसी पेढीच्या नावे व नोंदणी क्रमांकासह असावी. नूतनीकरणाची रक्कम धनादेशाने न देता खात्यातून थेट पाठवावी. तारीख संपण्यापूर्वी निदान आठ दिवस पाठवावी. आणि पॉलिसीवरील वाहनाचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक व मुदत संपण्याची तारीख ही तीन गोष्टी दिवाणजीकडून त्याच दिवशी नोंदणीपुस्तकाशी पडताळून घ्याव्यात.